धाकट्याचा वाढदिवस

नीतिशास्त्रातील कठीण प्रश्न राजसभेत, न्यायमंदिरात किंवा रणांगणावर उभे राहतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. न्याय, समता, कर्तव्य या विषयांवर वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांपुढे व्याख्याने देऊन माझीही समजूत तशीच होऊन बसली होती. परंतु परवा एका खेळण्यांच्या दुकानात मी पाऊण तास निरुत्तर उभा राहिलो, आणि दोन मुलांच्या घरातील धाकट्यास वाढदिवसाला काय द्यावे, या प्रश्नात न्यायाचा सबंध प्रश्न सामावलेला आहे, असे तेव्हा माझ्या ध्यानात आले. वाचकांस ही अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. म्हणून घडले ते प्रथम सांगतो.

माझ्या पुतणीस दोन अपत्ये. मुलगी मोठी, पाच वर्षांची. मुलगा धाकटा, नुकताच दोन वर्षे पूर्ण करणारा. वाढदिवसाचे बोलावणे आले तेव्हा पत्नीने रीतीप्रमाणे विचारले, “बाळाला काय आणू गं?” पुतणी म्हणाली, “काकू, खरंच काही आणू नका. मोठीचं सगळं आहे.” बोलणे तेथेच संपले. पत्नी आपल्या कामास लागली. मी मात्र त्या तीन शब्दांपाशी अडून राहिलो.

‘मोठीचं सगळं आहे’ हे वाक्य व्यवहाराच्या दृष्टीने अगदी चोख आहे. घरात तीनचाकी सायकल आहे, लाकडी ठोकळे आहेत, कापडी हत्ती आहे, कोपरे चघळलेली चित्रांची पुस्तके आहेत. त्यांत आणखी भर घालणे म्हणजे पैशाची आणि जागेची नासाडी, असे सुज्ञ गृहिणीस वाटले तर तिला कंजूष कोण म्हणेल? जुन्याचा वापर करण्यात कमीपणा मानण्याची आपली रीतही नव्हे. नव्या कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या अंगास टोचते म्हणून त्यास धुऊन मऊ झालेले कापड घालावयाचे, आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवावयाची, ही चाल आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या दुपट्यात ऊब असे ती कापडाची तितकीच आजीचीही असे.

असे असूनही पुतणीचे वाक्य मला खटकले. त्याचे पहिले कारण असे की, त्यात गरज आणि भेट यांची गल्लत आहे. गरज भागविणे हे आईबापांचे नित्याचे कर्तव्य होय. भेट ही गरजेच्या हिशेबात बसत नाही, म्हणूनच ती भेट. गरजेचाच निकष लावावयाचा तर औक्षणाचे तबक तरी कशाला हवे? उजेडासाठी घरात दिवे असतातच. निरांजन ओवाळतात ते उजेड पडावा म्हणून ओवाळीत नाहीत. ‘आज आम्ही सर्वजण तुझ्याकडे पाहत आहोत’ एवढेच त्यातून सांगावयाचे असते. वाढदिवसाची भेट हीदेखील या पाहण्याचीच खूण असते.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. दोन वर्षांच्या मुलास वाढदिवस म्हणजे काय ते कळत नाही. पुष्कळदा तो खेळणे टाकून ज्या खोक्यातून ते आले त्या खोक्याशीच रमतो, आणि चकचकीत कागद फाडण्यात त्याला जो आनंद होतो त्याची सर आतल्या वस्तूस येत नाही. मग ही भेट वाचणार कोण? पाहुण्यांत आपली शोभा व्हावी म्हणून देणारे वाचतात, आईबाप वाचतात. परंतु सर्वांत बारकाईने वाचते ती पाच वर्षांची बहीण. भेट धाकट्याची, आणि तिचा अर्थ लावणार मोठी, अशी ही विलक्षण परिस्थिती आहे. तेव्हा धाकट्यास काय द्यावे याचा विचार मोठीला वगळून करताच येत नाही.

मोठ्या मुलाचे दुःख जगाने ओळखले ते फार उशिरा. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांनी पहिल्या अपत्याचे वर्णन सिंहासनावरून खाली आलेल्या राजासारखे केले आहे. आणि ॲडलर स्वतः थोरल्या भावाच्या मागून जन्मलेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. परंतु आपल्याकडे ही गोष्ट पुराणकारांनी ध्रुवाच्या आख्यानात केव्हाच सांगून ठेवली आहे. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसला होता. ध्रुव तेथे चढू पाहू लागला, तेव्हा सुरुचीने त्यास तोडून बोलून दूर केले. पाच वर्षांचे ते पोर रानात गेले. येथे नीट पाहावयाची गोष्ट ही की, ध्रुवास राज्याचा तुकडा नको होता, उत्तमापाशी असलेले एखादे खेळणेही नको होते. त्याला मांडीवरची जागा हवी होती. आपण मात्र मुलांची भांडणे नेहमी वस्तूंची भांडणे समजतो, आणि वस्तू देऊन ती मिटवू पाहतो.

यावर घरोघरी सापडणारा उपाय म्हणजे दोघांनाही सारखे आणणे. आत्या येते ती दोन खोकी घेऊन येते. मामा येतो तो दोन फुगे आणतो. वाढदिवस धाकट्याचा असला तरी मोठीच्या हातात तेवढ्याच किमतीचे काही तरी ठेवले जाते, आणि ‘तुलाही आणलं हं!’ असे वर बजावले जाते. यामागील प्रेमाविषयी शंका नाही. परंतु यात आपण मुलीस काय शिकवितो? दुसऱ्याच्या आनंदामुळे आपले काही देणे निघते, आणि ते त्याच दिवशी वसूल व्हावयास हवे, हेच ना? असे वाढलेले माणूस पुढे दुसऱ्याचा सत्कार पाहताना मनातल्या मनात आपले येणे मोजीत बसले, तर नवल काय?

समान वाटपाचा हा आग्रह आपण कोठून आणला, याचा शोध घेतला तर तो वारसाहक्काच्या क्षेत्रातून आलेला दिसतो. आणि त्या क्षेत्रात तो अगदी योग्यच आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्येष्ठ पुत्रास विसावा हिस्सा अधिक आणि उत्तम वस्तू, मधल्यास त्याच्या निम्मे, धाकट्यास चौथाई, असे उद्धाराचे प्रमाण सांगितले आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या विषम विभागाचा विचार करताना, शास्त्रात असला तरी लोकांस तो अप्रिय आहे, म्हणून आचरू नये, असा निर्णय दिला. पुढे २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींनाही जन्मतः मुलांबरोबरीचा हक्क मिळाला. ज्येष्ठाच्या अधिक वाट्यापासून मुलगा-मुलगी यांच्या सारख्या वाट्यापर्यंत समाजाने केलेला हा प्रवास अभिमानास्पद आहे, आणि त्यातील एक पाऊलही मागे घ्यावे असे कोणी म्हणणार नाही.

परंतु वाटणी आणि भेट या मुळातच निराळ्या गोष्टी आहेत. जे अगोदरच सर्वांचे आहे त्याची वाटणी होते. जे देणाऱ्याचे आहे आणि ज्यावर घेणाऱ्याचा काडीचाही हक्क नाही, ते भेट म्हणून येते. वाटणीत कमी मिळाले तर अन्याय झाला असे म्हणता येते. भेटीत कमी मिळाले तर वाईट वाटते, पण दावा लावता येत नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिविषयक ग्रंथाच्या पाचव्या भागात न्यायाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत एकाचे प्रमाण अंकगणिताचे व दुसऱ्याचे भूमितीचे आहे. नुकसानभरपाईत अंक पाहावे. मानमरातब वाटताना ज्याचा त्याचा अधिकार पाहावा. तो पुढे असेही दाखवितो की, नियम सर्वांसाठी एक असला तरी विशिष्ट प्रसंगी त्यास मुरड घालण्याचे तारतम्य हेही न्यायाचेच अंग आहे. वाढदिवसाच्या दिवशी ज्याचा दिवस त्याचा अधिकार, आणि उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत दोघांचा सारखा, इतके तारतम्य घरात असावयास काय हरकत आहे?

समान वाटपाचे धाकटे भावंड म्हणजे ‘वाटून घ्या’ ही आज्ञा. एकच वस्तू, मुले दोन, आई स्वयंपाकघरातून ओरडते, “भांडू नका, वाटून घ्या.” हे वाक्य कानी पडले की मला कुंती आठवते. पांडव स्वयंवराहून कुंभाराच्या घरी परतले आणि दाराशीच म्हणाले की, आम्ही भिक्षा आणली आहे. कुंतीने आतूनच, काय आणले ते न पाहता, सर्वांनी मिळून घ्या असे सांगितले. तिच्या मनात अन्याय करण्याचे नव्हते. पाचांवर तिची माया सारखीच होती. चूक एवढीच की, तिने वळून पाहिले नाही. वाटपाचा नियम तयार असला म्हणजे पाहण्याची गरज वाटत नाही, हा अशा नियमांचा मोठाच दोष आहे. कोण आले आहे, काय आले आहे, कोणासाठी आले आहे, हे न पाहता केलेली समता दिसावयास निष्पक्ष असते, पण ती निष्पक्षता पाठ फिरविलेल्या माणसाची असते.

येथवर विचार आला तेव्हा पुतणीच्या वाक्यातील खरी मेख माझ्या ध्यानात आली. ‘मोठीचं सगळं आहे.’ या वाक्यात धाकट्यावर अन्याय होतो हे उघडच आहे. दोन वर्षांच्या सुमारास मुलाच्या तोंडी ‘माझे’ हा शब्द येऊ लागतो. मोठी माणसे त्यास हावरेपणा समजून हसतात किंवा रागावतात. वस्तुतः ‘मी’ म्हणून कोणी आहे याचा पत्ता त्यास लागत असतो, आणि हातातील वस्तू घट्ट धरून तो स्वतःलाच धरून पाहत असतो. अशा वेळी घरातील प्रत्येक वस्तू अगोदर दुसऱ्या कोणाची तरी असावी, हे त्याच्या वाट्यास आलेले विचित्र दारिद्र्य होय. परंतु त्याच वाक्यात मोठीवरही अन्याय होतो, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. ते ‘सगळे’ मोठीचे आहे, हे त्या वाक्यातच मान्य केले आहे. मग ते धाकट्यास देऊन टाकताना मोठीस विचारले कोणी? तिची सायकल, तिचा हत्ती, तिची पुस्तके एके दिवशी तिला न सांगता घराची झाली. शिवाय तिने आक्रोश केला तर ‘एवढी मोठी झालीस, शोभतं का?’ हे ऐकावयास मिळावयाचे! एकास नवे मिळत नाही, दुसरीचे जुने जाते, आणि आईबाप समजतात की, आपण कोणाचेच काही घेतले नाही.

मी स्वतः धाकटा. थोरल्या भावाचे सदरे, त्याचे दप्तर, त्याची पुस्तके माझ्याकडे येत. ती येत असत, एवढेच. पाणी उताराने यावे तशी. त्यांबद्दल मला कृतज्ञता वाटल्याचे आठवत नाही, आणि त्यालाही दिल्याचा आनंद झाला असेल असे वाटत नाही. अपवाद एकाच वस्तूचा. मी पाचवीत गेलो तेव्हा घरच्यांनी त्याची पत्र्याची कंपासपेटी मला द्यावयाचे ठरविले. झाकणाच्या आत कर्कटकाने त्याने आपले नाव कोरलेले होते. रात्री तो पेटी घेऊन एका बाजूस बसला. त्याने आपले नाव आडव्या रेघांनी खोडले आणि त्याखाली माझे नाव कोरले. अक्षर वाकडे आले म्हणून तो चिडलाही. मग त्याने ती माझ्या हातात दिली. पेटी जुनीच होती, कोनमापकाचा एक कोपरा उडालेला होता. पण ती माझ्याकडे ‘आली’ नव्हती, मला ‘दिली’ गेली होती. आज भाऊ नाही. वडिलांच्या घराच्या वाटणीत मला काय मिळाले ते सांगावयाचे तर कागद काढावे लागतील. पेटी माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहे.

तेव्हा जुने की नवे, स्वस्त की महाग, हा प्रश्नच नव्हे. वस्तूमागे कोणाचा तरी हात असला पाहिजे, आणि तो हात देणाऱ्याने आपण होऊन पुढे केलेला असला पाहिजे. आपल्या समाजाने हे एके ठिकाणी फार सुंदर रीतीने ओळखले आहे. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलाचे बोरन्हाण करतात. बाळास काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात, आणि बोरे, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून ओततात. उत्सवमूर्ती तो, पण खाली पडलेला खाऊ गोळा करण्यासाठी झुंबड उडते ती भोवतालच्या मोठ्या मुलांची. तेथे कोणी प्रत्येकाच्या हातात मोजून बोरे ठेवीत नाही. लहानग्याच्या मानात मोठ्यांची चंगळ व्हावी, त्याच्या माथ्यावरून यांच्या ओंजळीत पडावे, अशी ही योजना आहे. भावंडांच्या मत्सरावर याहून शहाणा उपाय मला कोणत्याही ग्रंथात आढळला नाही.

याच विचाराने मी दुकानात जाताना मोठीस बरोबर घेतले. तिला स्वच्छ सांगितले की, आज तुझ्यासाठी काही घ्यावयाचे नाही. बाळासाठी घ्यावयाचे आहे, आणि ते तू निवडावयाचे आहेस. तिने प्रथम रंगीत मण्यांची पेटी उचलली. ती तिला स्वतःला हवी होती हे उघड होते. परंतु त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कितीजणांस आहे? आपणही मित्रास पुस्तक देतो ते पुष्कळदा आपल्या आवडीचेच. मी तिला म्हटले की, बाळ अजून सगळे तोंडात घालतो. मणी घशात अडकेल. तीन वर्षांखालील मुलांस सुट्या बारीक भागांची खेळणी देऊ नयेत, हे खोक्यावरही छापलेले असते. आणि १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर मानक संस्थेचे चिन्ह असणे कायद्याने आवश्यक झाले आहे, ते याच काळजीपोटी. पाच वर्षांच्या बहिणीस चालते ते दोन वर्षांच्या भावास घातक होऊ शकते. म्हणजे ‘मोठीचं सगळं आहे’ हे वाक्य व्यवहारातही पुरते खरे नव्हते.

बराच वेळ ती फिरली आणि मी उभा राहिलो. शेवटी ती एक लाल चेंडू घेऊन आली, आणि म्हणाली, “आजोबा, हा त्याला एकट्याला खेळता येणार नाही.” मी तिच्याकडे पाहतच राहिलो. बालोद्यानाची कल्पना जगास देणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी लहान मुलांसाठी जे क्रमवार साहित्य तयार केले त्यास ते ‘देणग्या’च म्हणत; आणि त्यांतील पहिली देणगी म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. त्यांची कारणमीमांसा तात्त्विक होती. माझ्या नातीचे कारण साधे होते, आणि मला ते अधिक पटले. चेंडू धाकट्याचाच, पण तो परत येण्यासाठी समोर कोणी तरी हवे. मांडीवरची नाही, तरी समोरची एक जागा तिने स्वतःसाठी शोधून काढली होती.

घरी आल्यावर मी पुतणीस एक विनंती केली. मोठीची जी खेळणी धाकट्याकडे गेली आहेत ती सर्व एकदा तिच्यापुढे ठेवावी, आणि कोणती द्यावयाची व कोणती ठेवावयाची ते तिला ठरवू द्यावे. पुतणी हसली. म्हणाली, “काका, ती सगळंच ठेवून घेईल, मग?” मी म्हटले, “मग तो तिचा निर्णय. सगळं मागून घेतलं, तर निदान ते तिचं होतं एवढं तरी सिद्ध होईल.” तसे काही झाले नाही. ठोकळे तिने दिले, सायकल दिली, चघळलेली पुस्तके तर नाक मुरडून दिली. कापडी हत्ती मात्र उचलून ती आतल्या खोलीत ठेवून आली. धाकटा हत्तीसाठी रडला. त्याची आई उठू लागली, तिला मी बसविले. ते रडणे ऐकणे कठीण होते. न्याय केला म्हणजे घरात शांतता नांदतेच असे नाही, हेही त्या दिवशी मला कळले.

औक्षण झाले. चेंडूवरचा कागद धाकट्याने फाडला आणि काही वेळ कागदाशीच खेळला. मग चेंडू त्याच्या पायास लागून दूर गेला. बहिणीने तो अडविला, क्षणभर छातीशी धरला, आणि परत सोडला. तो मोठ्याने ‘माझा’ म्हणाला. कोणीही त्यास ‘ताईला दे’ असे म्हटले नाही, याचे मला समाधान आहे.

चार दिवसांनी पुतणीचा दूरध्वनी आला. मोठीने त्या रात्री आपण होऊन हत्ती भावाच्या अंथरुणात नेऊन ठेवला होता, आणि सकाळी उठताच काढून घेतला. तेव्हापासून रोज हेच चालले आहे. दिलेले दान परत घेऊ नये, हे तिला आता समजावून सांगावे का, असे पुतणीने विचारले. इतक्यात सांगू नये, असे मी कळविले आहे. हत्ती तिचा आहे. तो रोज रात्री देण्यास ती मोकळी आहे.